दुसरी रेघ

विमलताई घरात आली की पाणी मागायची नाही, पोरांचे पाय मागायची. "आन इकडं, पाहू दे," म्हणत ती डास चावलेली जागा शोधायची. एखादा चट्टा जास्तच लाल दिसला, की पिशवीतून निळं पेन काढून त्याच्याभोवती गोल आखायची आणि बाजूला किती वाजले ते लिहायची. ती आमच्या मेडशी गावची आशाताई, घरोघर फिरून आरोग्याची विचारपूस करणारी. आळीतली निम्मी पोरं तिची गोलं पायावर घेऊन हिंडायची, आणि मला त्याचं हसू यायचं.

"डास रगत नेते म्हनून खाज येत नाई, बाई," ती सांगायची. "ते आपली थुंकी सोडून जाते, तिच्याशी आपलं अंग भांडते. भांडू द्याचं. साबनानं धुवाचं, थंडा ओला फडका ठेवाचा. त्यात नखं घालाची नाई." आणि जाताना ठरलेलं वाक्य, "लाली रेघंच्या आत राह्यली तं खुशाल झोपा. बाहीर गेली तं मले इचारत बसू नका, यष्टी पकडा."

श्रावणात आमच्या चार वर्षांच्या गुड्डीने पोटरी खाजवून खाजवून सोलली. आमच्याकडे काहीही चावो, चुना ठरलेला. मी नवऱ्याच्या तंबाखूच्या डबीतला चुना त्या सोललेल्या जागेवर चोळला. पोर किंचाळली. कातडी भाजली हे मला कळलं होतं, पण विमलताई रागावेल म्हणून मी दोन दिवस गुड्डीला फ्रॉकऐवजी सलवार घातली. इतकी मी शहाणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाय तव्यासारखा तापला. विमलताई आली, पाय पाहिला आणि पिशवी खाली ठेवली.

"चुना कोनं लावला?"

"मीच."

"आता रडू नको, रंजना. रेघ पाह्यत बस. मी शेजारच्या बाळंतिणीले पाहून येतो." तिने गोल आखलं, बाजूला 'नऊ' लिहिलं.

मी तो पाय मांडीवर घेऊन बसले. साडेदहापर्यंत लाली गुडघ्याकडे बोटभर रेघेबाहेर गेली होती. नवरा शेतात, फोन उचलेना. दवाखान्यात पाय कापावा लागेल म्हणाले तर? वाटलं, रेघच आत आखली गेली असेल, माझ्याच डोळ्यांची चूक असेल. मी घरातलं पेन घेतलं आणि लालीच्या बाहेरून नवं गोल आखायला लागले.

मागून हात धरला गेला. "दुसरी रेघ वढाची नाई," विमलताई म्हणाली. "दुसरी रेघ म्हंजे आपन आपलीच समजूत काढनं हाय. उठ."

गुड्डीला तिनेच कडेवर घेतलं आणि तीच आमच्याबरोबर गाडीत बसली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस काढला असता तर अवघड होतं. पाच दिवस इंजेक्शनं चालली. पाय वाचला. पोटरीवर पांढरा डाग तेवढा राहिला.

गेल्या पावसाळ्यात विमलताईलाच दवाखान्यात ठेवलं. तिला साखरेचा आजार होता. घोट्याला डास चावला, तिने खाजवलं, जखम चिघळली, असं तिची सून म्हणाली. मी उशाशी बसले. पायावरची चादर सरकली होती, ती नीट करायला गेले. घोट्यापासून वर एकात एक तीन निळी गोलं होती. तिन्हींच्या बाजूला तिच्याच अक्षरात किती वाजले तेही लिहिलेलं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "गावाचा सर्वे पुरा कराचा होता व," एवढंच बोलली.

चौथ्या दिवशी ती गेली.

आता घरात कुणाला डास चावला तरी मी हातातलं काम टाकते. लगेच पाय धुते, गोल आखते, आणि घड्याळ बघत बसते. गुड्डी हसते मला. मी तिच्यावर चिडत नाही. विमलताई सगळ्या गावाचे पाय मागायची, आणि तिचा पाय मी एकदाही मागितला नव्हता.