आजच्या पेपरचं वाहन

एस्टी अजून नवी नवी होती तेव्हाची गोष्ट. पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीची वाट बघताना एक मिठागरवाले रोज भेटत. नाव मी कधी विचारलं नाही. पेपर ते विकत घेत नसत. माझ्या खांद्यावरून मान लांबवून वाचत आणि लगेच निकाल देत. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. वाहन हत्ती असलं की धो धो, गाढव असलं की कोरडं. तेच त्यांनी पेपरला लावलं होतं. पुढाऱ्याचं लांबलचक भाषण दिसलं की पानाची पिंक टाकून म्हणत, "आज गाढव हाय. ओजं लय, पानी नाय." अग्रलेख म्हणजे कोल्हा. सिनेमाच्या जाहिराती म्हणजे मोर.

एकदा मीच पाठवलेली बातमी छापून आली. बाजारातल्या तुंबलेल्या गटाराची, चार ओळींची, माझ्या नावाशिवाय. मी तेच पान त्यांच्यापुढे धरलं. हत्ती मिळेल अशी आशा होती.

त्यांनी आधी बातमी वाचली, मग माझं तोंड.

"बेडूक," ते म्हणाले. "एवरीशी खबर, नि गाल बग कवरे फुगलेत!"

गव्हाण फाट्याला ते उतरेपर्यंत मी पेपर घडी करून मांडीखाली दाबून ठेवला. घरी येऊन आधी पंचांग काढलं. वाहन बेडूक, पाऊस भरपूर, असं त्यात स्वच्छ छापलं होतं.

गाल पुन्हा फुगले.