चाक न उघडता

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. हे सोडून. ज्या दोन मिस्त्रींनी माझ्या गॅरेजात केस पांढरे केले, त्यांनाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — आणि गंमत बघा, बसल्या बसल्या आधी स्वतःचं कौतुकच सांगावंसं वाटतंय. ऐकून घ्या. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

स्वारगेटच्या मागच्या अंगाला माझं गॅरेज. बत्तीस वर्षं झाली. पाटी एवढीशी, पण सकाळी नऊला गाड्यांची रांग. का? तर माझा कान. गॅरेजला लागून एक गल्ली आहे, तिच्या एका बाजूला गोदामाची लांबच लांब भिंत. काच खाली करायची, मला शेजारी बसवायचं आणि भिंतीच्या कडेनं गाडी हळू चालवायची. चाकातला आवाज भिंतीवर आपटून खिडकीतून आत येतो, मोठा होऊन. मी डोळे मिटून बसायचो. गल्लीच्या टोकाला स्पीडब्रेकर. पुढची चाकं त्यावरून उतरली की डोळे उघडायचे आणि सांगून टाकायचं. टक-टक वाजलं तर लिंक रॉड ढिला. कचकच झाली तर बुशचं रबर वाळलंय. वेगाबरोबर घूं-घूं वाढत गेलं आणि वळणावर बदललं, तर बेअरिंग. चाक न उघडता! दुसरे चारही चाकं खोलून बसायचे आणि मग तोंड पाडून म्हणायचे, साहेब, सगळंच गेलंय हो. मला नुसतं ऐकून कळत असेल तर मी कशाला खोलू?

आणि खरं सांगू? माझं नाव झालं ते दुरुस्त्यांमुळं नाहीच, न केलेल्या दुरुस्त्यांमुळं झालं. चारी शॉकअप बदलायला निघालेल्या माणसाला मी सुपारीएवढं एक रबर बदलून परत पाठवलंय. ‘गाडीला काही झालेलं नाही, घरी जा’ — हे वाक्य पुण्यात माझ्याइतकं कुणी म्हटलं नसेल. विश्वासाचा मिस्त्री ओळखायचा कसा, असं लोक विचारतात. सोपं आहे. जो काढलेला जुना पार्ट तुमच्या हातात देतो आणि ज्याला ‘गरज नाही’ म्हणता येतं, तो. मी दोन्ही करत आलो. याचा मला गर्व आहे. होता, म्हणायला हवं का? नाही — अजून आहे. तीच तर अडचण आहे.

साठे बाई माझ्याकडं आल्या त्या या नावामुळंच. सदाशिव पेठेत राहायच्या, एकट्या. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लहान लाल गाडी स्वतः चालवायच्या. पहिल्याच दिवशी मला विचारलं, “आपण निदान करता की अंदाज?” मी म्हटलं, निदान. “बघू,” म्हणाल्या. असलं कुणी मला बोललेलं खपत नाही. बाईंचं खपलं. त्या दिवशी मी सांगितलं ते बरोबर निघालं आणि पुढं दहा वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात त्या गाडीला लागू दिला नाही.

दर शनिवारी सकाळी बाई लोणी काळभोरला जायच्या, दहावीच्या पोरींना फुकट गणित शिकवायला. लोणी म्हणजे माझं गाव. माझी पुतणी त्याच वर्गात होती — गणिताच्या पेपराला जायचं म्हटलं की जिच्या पोटात दुखायचं, ती पोरगी जेवताना प्रमेयं सांगायला लागली. बाईंचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढणं शक्य नव्हतं. गाडी होती म्हणून शनिवार होता. हे मला चांगलं माहीत होतं. हे लक्षात ठेवा, मला माहीत होतं.

आता जरा मागं जातो. टाळत नाहीये — बरं, टाळतोय थोडं. बायकोनं दाराला नवी बेल बसवली होती, चिमणीसारखी वाजणारी. मी घरात बेलच्या खालीच उभा, आणि ती स्वयंपाकघरातून ओरडतेय, “अहो, दार उघडा की, लक्ष कुठं असतं तुमचं?” बेल वाजलीच नाही, असं म्हणून मी भांडलो. मग एक दिवस गुपचूप हडपसरला गेलो, जिथं मला कुणी ओळखत नाही अशा डॉक्टरकडं. कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. मी बटण धरून बसलोय, काचेपलीकडली मुलगी काहीतरी लिहितेय, पुन्हा लिहितेय, आणि मला काहीच ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज ठीक आहेत, बारीक-उंच आवाज गेलेत. वय आहे, आणि ठोकाठोकीत काम करता का? मी म्हटलं, छे, शेती करतो. डॉक्टरला कशासाठी खोटं सांगितलं? सांगता येत नाही. तो कागद घडी करून पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवला.

धडधड, टक-टक, घूं-घूं सगळं ऐकू येत होतं ना! पुण्याच्या खड्ड्यांनी मला सांभाळून घेतलं म्हणा; खड्ड्यांनी जे बिघडतं ते जाडच वाजतं. राहिला एकच आवाज. ब्रेकचा पॅड झिजत आला की त्याच्यावरची एक बारीक पट्टी फिरत्या डिस्कला घासायला लागते. मुद्दाम तशी केलेली असते, शीळ घालून सांगते की आता मला बदला. अगदी बारीक, उंच शीळ. नेमकी तीच माझ्या कानातून गेली होती.

आणि बाई आल्या. शनिवार, दुपारचे बारा-साडेबारा, लोणीहून परस्पर. बाकावर चार गिऱ्हाइकं चहा पीत बसलेली. “पुढच्या डाव्या चाकातून बारीक शीळ येते,” म्हणाल्या, “ब्रेक दाबला की बदलते.” आता यात सांगायचं काय बाकी राहिलं होतं? पण आम्ही गल्लीत गेलो. मी डोळे मिटले. “आता. आली. ऐकलंत?” मला टायरचा आवाज येत होता, इंजिनाचा येत होता. शीळ नाही. पुन्हा एक फेरी मारली. “आता तर स्पष्ट आहे,” बाई म्हणाल्या.

काय करायचं होतं मी? जॅक लावायचा, चार नट सोडवायचे, चाक बाजूला करून बघायचं. पाच मिनिटं. चार माणसांदेखत, मी — चाक उघडून? कान म्हणून ज्याच्याकडं येतात तो? मी गाडीतून उतरलो, हात पुसले आणि बाकावरच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणालो, “बाई, गाडी ठणठणीत आहे. आवाज गाडीत नाही. एकदा कान दाखवून घ्या.”

बाकावरचा एक जण हसला. बाई हसल्या नाहीत. “असं म्हणता?” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

कळतंय ना, मी काय केलं ते? पेटीत घडी करून ठेवलेला माझा आजार मी उचलून त्यांच्या नावावर केला. आणि त्यांनी तो घेतला, कारण माझं ‘काही झालेलं नाही’ कधी चुकलं नव्हतं. इतक्या वर्षांचा तो खरेपणा मी एका खोट्याला लावला. त्यानंतरचे दोन शनिवार बाई त्याच ब्रेकवर सोलापूर रोडला गेल्या, ट्रकांच्या मागून. काही झालं नाही. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

तिसऱ्या आठवड्यात किल्ली घेऊन आल्या. डॉक्टरकडं जाऊन आल्या होत्या, तो म्हणाला या वयात कानात आवाज येऊ शकतात. “जे नाही ते मला ऐकू येतं,” बाई म्हणाल्या, “अशा माणसानं गाडी चालवू नये. गिऱ्हाईक बघा.” चेहऱ्यावर काही नाही. गणिताची बाई ती, दिलेलं मान्य केलं की उत्तराला घाबरत नव्हती. दिलेलंच खोटं होतं, आणि दिलं होतं मी.

मी गिऱ्हाईक बघितलं. हिंजवडीत नोकरी करणारा एक जण, रविवारी गाडी न्यायला येणार होता. शुक्रवारी मी गाडी कामाला घेतली, कारण माझ्या हातून बाहेर पडणारी गाडी चोख हवी — बघा, इथंही तोच तोरा. आणि गिऱ्हाईक समोर नसलं की मला चाक उघडायला काहीच वाटत नव्हतं. पुढचं डावं उघडलं. पॅड संपलेला. पट्टी डिस्कला टेकलेली, डिस्कवर गोल चकचकीत ओरखडा. पुढचं डावं, ब्रेक दाबला की बदलणारी. बाईंचा शब्द न शब्द बरोबर होता.

शुक्रवार होता. गाडी अजून माझ्या दारात होती, कागदांवर बाईंचंच नाव होतं. एका फोनचं काम होतं — बाई, तुमचा कान बरोबर, माझा चुकला, गाडी घेऊन जा, उद्या शनिवार आहे. मी फोन लावला. “बोला,” बाई म्हणाल्या. मी म्हणालो, “कागदपत्रं तयार ठेवा.”

“तयारच आहेत,” म्हणाल्या, आणि मी फोन ठेवला.

नवे पॅड घातले. काढलेला जुना पार्ट मी गिऱ्हाइकाच्या हातात देतो, सांगितलं ना मघाशी? तो पॅड फडक्यात गुंडाळून मी पान्यांच्या पेटीत टाकला, त्या कागदावर. रविवारी गाडी गेली.

लोणीचा वर्ग बंद पडला. पुतणीनं विचारलं, “काका, आमच्या बाई का येईनात? तुमच्याकडंच येतात ना त्या?” मी म्हटलं, वय झालं गं त्यांचं. बाईंच्या माथी मारलेलं ते दुसरं खोटं. तिसरं पुन्हा खुद्द त्यांनाच सांगितलं. सहाएक महिन्यांनी टिळक रोडला औषधाच्या दुकानात भेटल्या. काठी आली होती हातात. म्हणाल्या, “जगताप, गाडी गेली त्या दिवसापासून कानातली शीळ बंद आहे.” आणि माझ्याकडं बघत राहिल्या. फळ्यावर शेवटची एक पायरी मोकळी सोडून वर्गाकडं बघावं, तशा. उत्तर त्यांना आलं होतं हो! ते माझ्या तोंडून यावं म्हणून थांबल्या होत्या. मी म्हणालो, “वयाचं असतं, बाई. येतं, जातं.”

“हो का,” म्हणाल्या, आणि औषधं घेऊन गेल्या.

बाई ओळखीची गिऱ्हाइकं माझ्याकडं पाठवायच्या, त्यानंतर तेही थांबलं. मी समजलो, संपलं. मी अजूनही गल्लीत डोळे मिटून बसतो. कानाला यंत्र लावलेलं नाही. ब्रेकची तक्रार असली की काहीतरी निमित्त काढून गाडी ठेवून घेतो आणि माणूस गेल्यावर चाक उघडतो. गेल्या महिन्यात बाईंच्या इमारतीतले एक गृहस्थ आले, ब्रेक वाजतोय म्हणाले. बाकावर तीन माणसं होती. मी गल्लीकडं बोट दाखवलं, तर ते म्हणाले, “साठे बाईंनी पाठवलंय. म्हणाल्या, माणूस हुशार आहे, काम चोख करतो. पण त्याला चाक उघडून बघायला सांगा.”

माझ्या गॅरेजात येऊन मला शिकवता? हे अगदी ओठांवर आलं होतं. बत्तीस वर्षांत कुणाची टाप नव्हती. बाकावरचा चहा थांबलेला. मग मी जॅक आणला आणि तिघांच्या देखत चाक उघडलं. उजवीकडचा पॅड संपला होता. नवा घातला. जुना फडक्यानं पुसून त्या गृहस्थांच्या हातात दिला, रीतीप्रमाणं.

बाईंचा अजून माझ्याकडंच आहे.