पहिली नजर

"काचेला बोट लावायचं न्हाय!"

तात्या हे हळूच म्हणायचे, पण असं की अंगणातली कोंबडीसुद्धा एक पाय उचलून उभी राहावी. उजव्या हातात, मलमलीच्या फडक्यात धरलेला गाडीच्या हेडलाइटचा नवा बल्ब. डावा हात मागे पसरलेला, आम्हा सगळ्यांना गाडीच्या मागच्या बाजूला हाकलणारा.

मंडळी, तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? गॅरेजवालाही तेच सांगतो. बोटाचं तेल लागलं की काच तापून तडकते. बरोबर आहे. पण तात्यांचं कारण निराळं होतं. "बोटाचा डाग ऱ्हायला की दिव्याला जल्मभर त्योच माणूस दिसत ऱ्हातो," ते म्हणायचे. "कशाला कुणाच्या नजरंत अडकायचं?"

आमची गल्ली इंदापूरची. तात्या समोरच्या घरात एकटे राहायचे. हाडाचे सोनार, पण दागिन्यांपेक्षा त्यांचं नाव डोळ्यांसाठी. इथून नरसिंहपुरापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर जेवढे म्हसोबा, जेवढ्या मरीआया, त्यांना चांदीचे डोळे राळ-मेण लावून बसवायचे ते तात्यांनीच. अंघोळ करून, तोंडाला फडकं बांधून. डोळे बसले की देवापुढे आधी आरसा धरायचा, मग नारळ ठेवायचा, आणि मगच माणसानं समोर यायचं. पहिली नजर झेलायला माणूस नको, एवढंच ते सांगायचे. का नको, हे विचारलं की पान लावायला घ्यायचे.

पुढे बाजारात तयार डोळे मिळू लागले आणि तात्यांचं काम सुटलं. अशात एकदा माझ्या गाडीचा डावा दिवा गेला. उसाचे दिवस. भवानीनगरच्या रस्त्याला धुकं, पुढे उसाच्या ट्रॉल्या, आणि एका दिव्याची गाडी म्हणजे समोरच्याला मोटरसायकल वाटणार. मी दारातच बॉनेट उघडून बसलो. पण दिव्यामागची रबरी टोपी काढून आतली तार सोडवायला माझा पंजा काही मावेना. तात्या ओट्यावरून उठले. "सरका, राव." बारीक बोटं आत गेली, तार सुटली, जुना बल्ब बाहेर, नवा आत. मी हसत चावी फिरवायला निघालो तर कडाडले, "थांबा! नारळ कुठंय?"

तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक गाडीला डोळा तात्यांनीच बसवायचा, असं ठरून गेलं. दिवा पहिल्यांदा लागायचा तो भिंतीशी ठेवलेल्या नारळावर. आम्ही सगळे मागच्या डिकीपाशी, शाळेतल्या पोरांसारखे गप्प. पिठाच्या गिरणीवाल्यानं एकदा थट्टा म्हणून नेमका त्याच क्षणी पुढे जाऊन नाच केला. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे आले. सुजून टोमॅटो झाले. साथ होती हो, बारामतीपर्यंत घरोघरी डोळे आले होते. पण गिरणीवाला आठवडाभर तात्यांच्या ओट्याला नारळ वाढवत होता. आणि तात्या खोबरं चघळत म्हणायचे, "मी काय केलं न्हाय बाबा. त्यानं बघितलं."

'त्यानं' म्हणजे कुणी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आणि मी जिभेचा किती सैल आहे, हे तुम्ही जाणताच.

गेलेले बल्ब ते टाकत नसत. घरातल्या फळीवर ओळीनं मांडलेले, सगळे भिंतीकडे तोंड करून. मी एक सहज फिरवून पाहिला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "मेल्यालं डोळं हायेत ते. तुमाकडं करू नगा. बघत बसत्यात."

त्या संध्याकाळी मी घरातला टीव्ही मोठ्यानं लावला.

मग तात्यांचा स्वतःचा एक डोळा गेला. काचबिंदू. डॉक्टरांनी दुसऱ्याचंही काही खरं नाही म्हणून सांगितलं. त्यांची लेक बावड्याला दिलेली. ती येऊन म्हणायची, "आबा, घराला कुलूप लावा आन् चला माझ्याकडं." तात्या म्हणायचे, "एक हाय की अजून. एका डोळ्यावर गाडीबी घरी पोचती." ते घर सोडणं म्हणजे काय, हे आम्हाला दिसत होतं. त्या ओट्यावरून गल्ली त्यांना विचारायला यायची. बावड्यात ते नुसते कुणाचे तरी आजोबा झाले असते.

शेवटी गेल्या हिवाळ्यात ती त्यांना न्यायला म्हणूनच आली. नेमका माझा उजवा दिवा गेला होता. तात्या लेकीला म्हणाले, "तुज्यादेखत ह्यांच्या गाडीला डोळा बसवतो. जमलं तर मी हितंच ऱ्हाणार. न्हाय जमलं तर तू म्हणशील तितं."

"ठरलं," ती म्हणाली.

दिवस बुडत होता. अख्खी गल्ली जमली. तात्यांनी मान वर करून, आभाळाकडे तोंड ठेवून बोटं आत घातली. टोपी, तार, बल्ब. एवढं सफाईदार काम मी त्यांचंही पाहिलं नव्हतं. गिरणीवाल्यानं टाळ्या पिटल्या. लेकीनं हसून कपाळाला हात लावला, हरली होती.

मी आत बसलो. चावी फिरवली, दिवे लावले.

आणि हात तिथंच राहिला. तात्या मागे गेलेच नव्हते. गाडीच्या पुढ्यात, भिंतीच्या नारळाकडे पाठ करून, दिव्यासमोर उभे होते. सगळा उजेड तोंडावर. डोळे सताड उघडे. पापणी लवत नव्हती.

"लागला का?" त्यांनी विचारलं.

एक कुत्रं उठून गल्लीबाहेर गेलं. लेकीनं पदर तोंडात कोंबला. दुसरा डोळाही गेला होता. कधीपासून, कोण जाणे.

"लागला का, राव?"

तिनं मला खूण केली, बंद करा. मी दिवे मालवले. गल्ली एकदम काळी झाली. आणि त्या काळोखात तात्यांनी दचकून आडवा हात डोळ्यांवर धरला, ऊन चमकल्यावर आपण धरतो तसा.

"हां," ते हसले. "आत्ता लागला. लख्ख!"

मग हात खाली घेऊन ते आमच्याकडे वळले. एकेकाच्या तोंडाशी थांबत थांबत त्यांनी सगळ्यांना पाहिलं. हो, पाहिलं, मी दुसरा शब्द वापरणार नाही. लेकीपाशी येऊन म्हणाले, "हिरवं लुगडं नेसलीस व्हय गं? आईचं हाय न्हवं त्ये?"

लुगडं हिरवंच होतं. आईचंच होतं. त्यांना दुपारी कुणीतरी सांगितलं असेल, असं गिरणीवाला आजही म्हणतो. कुणी, ते मात्र सांगत नाही.

लेक रडत म्हणाली, "आबा, ऱ्हावा तुमी हितं. मी हारले."

"न्हाय गं," तात्या म्हणाले. "चल. बघायचं ते बघून झालं."

मीच दोघांना बावड्याला सोडलं. उन्हाळा लागायच्या आत ते तिकडेच देवाघरी गेले. त्या दिवशी मात्र दोन्ही दिवे लावून आम्ही उसामधून निघालो, तात्या माझ्या शेजारी. मी ओरडून दाखवत होतो, हा कालवा, हा पूल. ते मानसुद्धा वळवत नव्हते. वाऱ्यात पणती न्यावी तसे दोन्ही तळहात त्यांनी मिटलेल्या डोळ्यांवर धरले होते, आणि खड्डा आला की हलकेच म्हणत होते, "सावकाश, राव. सांडंल."