सेकंड व्हायोलिनचे माटेकाका

गोपाळकृष्ण माटे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. शनिवार पेठेतली आमची इमारत अशी, की त्यांच्या फोडणीने आम्ही शिंकतो. त्यामुळे इथलं निम्मं मी स्वतः ऐकलेलं आहे. उरलेलं माट्यांनीच मला जिन्यात सांगितलं, तेही मान खाली घालून.

एरवी माणूस ताठ. इंजिनांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. नव्वदनंतर कारखान्याला माणसं जड झाली आणि पन्नाशीतच माट्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्ती पडली. बरोबरीच्यांनी कोणी रिक्षा घेतली, कोणी प्लॉटची दलाली सुरू केली. माट्यांनी व्हायोलिन घेतलं. पुढे अस्मिता नावाच्या एका आयटीतल्या मुलीने पाश्चात्त्य पद्धतीचा हौशी ऑर्केस्ट्रा काढला, त्यात त्यांना सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे मुख्य व्हायोलिनांना साथ देणाऱ्यांच्या, शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली. "मी ऑर्केस्ट्रात असतो," असं ते सांगायचे आणि समोरच्याने "म्हणजे लग्नाच्या का?" विचारलं, की त्याच्याशी बोलणं बंद.

आता खरं सांगायचं तर माट्यांना वाजवता येत नव्हतं. संथ जागा कशाबशा जमायच्या. लय वाढली की बोटं अडायची. मग ते बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, तारेच्या किंचित वर उचलायचे आणि शेजारच्याबरोबर हवेतच फिरवायचे. अवघड जागी असं चांगले चांगले वादकही करतात म्हणे. माट्यांनी सुरुवात तशीच केली, आणि हळूहळू अख्खा कार्यक्रम हवेत जायला लागला. इतक्या व्हायोलिनांत एक गप्प आहे हे कोणाला कळणार? मंदाकिनीवहिनी, त्यांच्या पत्नी, दर कार्यक्रमाला आपल्या बहिणीला, गोदाक्कांना, घेऊन पुढच्या रांगेत बसायच्या आणि टाळ्या वाजवून हात लाल करून घ्यायच्या. माटे वाकून नमस्कार करायचे. लाज वाटायची, पण खुर्ची सोडवत नव्हती.

मग कोरोना आला. तालमी बंद पडल्या. अस्मिताने ग्रुपवर कळवलं, की प्रत्येकाने घरी बसून, कानात ठेका लावून, आपापला भाग एकट्याने वाजवायचा आणि मोबाइलवर चित्रित करून पाठवायचा. ती सगळे जोडून एक सिंफनी तयार करणार होती.

एकट्याने, या शब्दाने माट्यांना घाम फुटला. आधी त्यांनी तार तुटल्याचं कळवलं. बुधवार पेठेतली वाद्यांची दुकानं बंद होती, त्यामुळे ते खपलं. नवी तार कपाटात होती ती गोष्ट वेगळी. मग नेटला रेंज नसल्याचं झालं. वहिनी मात्र रोज विचारायच्या, की सगळ्यांचे गेले, तुमचं कधी?

शेवटी माटे दार लावून शिकायला बसले. मी वर होतो, मला काय भोगावं लागलं ते माझं मलाच ठाऊक. तेच तुकडे, तेच अडखळणं, सकाळ-संध्याकाळ. पण पावसाळा लागेपर्यंत त्या आवाजात सूर ऐकू यायला लागला. एक जलद जागा तर इतकी नीट आली, की मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. माट्यांनी मग आपला अख्खा भाग चित्रित केला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं तारेवर वाजवून पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अस्मिताचा फोन आला. माट्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. वहिनी समोरच भाजी निवडत होत्या.

"काका, व्हिडिओ एकदम मस्त आलाय," ती म्हणाली. "हात काय छान दिसतोय तुमचा. आवाज मी बंद करूनच बघितला. हॉलमध्ये तुम्ही बो वर धरता ना, तसंच इथेही असणार. सगळ्यांना माहितीये काका, कोणी काही म्हणत नाही. तुमचा आवाज नाही घेत, तुम्ही नुसते दिसायला हवेत, तुमच्याशिवाय रांग रिकामी दिसते."

तिने हे मनापासून, प्रेमाने सांगितलं. म्हणूनच या वेळी खरंच वाजवलंय, एकदा ऐक, हे माट्यांच्या तोंडून निघालं नाही. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

वहिनी बराच वेळ भाजीच निवडत राहिल्या.

"महिनाभर आत कोण वाजवत होतं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"आणि इतकी वर्षं, हॉलमध्ये?"

माट्यांनी समोरची एक जुडी ओढून घेतली आणि तेही निवडायला लागले. मला सांगताना म्हणाले, त्या वेळी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

आठवड्याने सिंफनी सगळीकडे फिरली. खालच्या रांगेतल्या चौकोनात माटे तल्लीन होऊन वाजवताना दिसतात. मी कान लावून ऐकलं. त्यांचं काही ओळखीचं सापडलं नाही. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. पहिला अर्थात गोदाक्कांचा. वहिनींनी तो नवऱ्याच्या हातात दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

गोदाक्का भरभरून बोलल्या. माट्यांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं.

"गोदाक्का," ते म्हणाले, "त्यात माझा आवाज नाही. हॉलमध्येही नव्हता. मी नुसता हात हलवायचो."



"अस्सं," गोदाक्का म्हणाल्या. "मग एवढ्या वर्षांच्या आमच्या टाळ्या कोणाला गेल्या, गोपाळराव?"