पाणी लागलं

वाशीच्या फ्लॅटमध्ये आम्ही माणसं धडधाकट पोचलो, माशांची पेटी मात्र टेम्पोत तडकली. मासे आधीच गिरगावातल्या शेजाऱ्यांना देऊन टाकले होते. उरली होती बाबांनी वाढवलेली पाणरोपं, हिरव्या रिबिनीसारख्या लांब पानांची. बाबा आदल्या वर्षी गेले होते. आईने ती रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा मांडीवर घेऊन खाडीचा पूल ओलांडला.

नवी पेटी आणली, वाळू धुतली, रोपं लावली. आईने आपली ट्रंक दाराशीच ठेवली, कुलूप न काढता.

"ही जगली तर राहीन," ती म्हणाली. "नाहीतर मला थोरल्याकडे पोचव."

आठवडाभरात पानं पिवळी पडली, मग काचेसारखी पारदर्शक झाली, मग विरघळायला लागली. आई पेटीसमोर स्टुलावर बसून म्हणायची, "पाणी लागलं हो त्यांना." नव्या गावचं पाणी बाधलं की आमच्याकडे असंच म्हणतात. गंमत म्हणजे रोप रुजलं की तेही 'लागलं'च. त्या दिवसांत एवढी गंमत तरी कुणाला सुचत होती म्हणा. बिल्डिंगचा पंप रोज बंद पडायचा आणि मी बादल्या घेऊन जिने चढायचो. बस वेळेवर यायची नाही. रविवारी मी जेवता जेवता पाटावर झोपलो होतो, हातात घास तसाच. हिने, म्हणजे बायकोने, तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः खाल्ला, कारण उठून वाढून घ्यायचं त्राण तिच्यातही नव्हतं.

तरी ही माहेरी गेली तेव्हा वाट वाकडी करून शोभेच्या माशांच्या जुन्या दुकानात विचारून आली. "जुनी पानं जाणारच म्हणाले. कापून टाका. बुंधा वाळूत गाडू नका, वर राहू द्या. आणि सारखा हात लावू नका."

"कापायची नाहीत," आई म्हणाली. "यांच्या हातची पानं आहेत."

"अहो आई, सडतायत ती. वास येतोय."

"नजर लागलीय." ('लागणं' पुन्हा हजर.) आईने मुठीत मीठ-मोहरी घेतली आणि पेटीवरून ओवाळली. माणसाची दृष्ट काढायचा सराव होता, पेटीची नव्हता. कोपर काचेला आपटलं, मूठ सुटली आणि निम्मी मीठ-मोहरी पाण्यात. मी खारं पाणी उपसलं आणि पुन्हा बादल्या घेऊन खाली उतरलो. रागवायलासुद्धा जोर लागतो.

काही दिवसांनी सकाळी आईची हाक आली. "अरे, इकडे ये. लागलं बघ."

पाण्यावर तरंगणाऱ्या सडक्या पानांच्या गुंत्यात एक हिरवा कोंब उभा होता, दोन गोल इवल्या पानांचा. मी तोंड उघडणार तोच हिने माझ्या पायावर पाय दिला. सकाळ-संध्याकाळ मोहरी फोडणारी बाई ही, हिला मोहरीचा कोंब कळणार नाही?

"छान आलंय, आई," ही म्हणाली. "आता जुनी पानं कापली तर चालेल ना?"

शिवणाची कात्री आईने स्वतःच आणली आणि एकेक पान बुंध्यापासून कापलं. कोंब अलगद उचलून मातीच्या कुंडीत लावला. पेटीत उरले नुसते खुंट. मला वाटलं, आता आईला थोरल्याकडे पोचवायचं.

पण आम्ही दमून हात लावायचं सोडलं होतं, तेच बहुतेक कामी आलं. एका बुंध्यातून नखाएवढं पान आलं. मग दुसऱ्यातून. या वेळी खरं, चपटं, बाबांच्या रोपासारखं. मी आईला हाताला धरून आणलं आणि पडदा उघडावा तसा पेटीवर मुद्दाम टाकलेला टॉवेल दूर केला.

"आई, लागलं."

ती चष्मा पुसून वाकली. "हं. हे लागलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मोहरी मला ओळखता येत नाही असं वाटलं का तुम्हा दोघांना?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमचे दमलेले चेहरे बघवत नव्हते रे," ती म्हणाली आणि कमरेच्या किल्ल्या चाचपत ट्रंकेकडे गेली. "सरक. साड्यांना कुबट वास आला असेल एव्हाना."