परवानगीआधीची माकडं

तुदा ही मोरोक्कोतल्या अ‍ॅटलास डोंगरातली शाळेची बाई. मुलांना जीवशास्त्र शिकवायची. वय चौतीस, लग्न नाही. त्यावरून बोलून बोलून गावही थकलं होतं. गावामागच्या देवदारांच्या रानात बिनशेपटीच्या माकडांचा एक कळप होता. त्यातली पिल्लं पहिल्याच हिवाळ्यात का दगावतात, हे तिला शोधायचं होतं. पकडायचं नाही, हात लावायचा नाही. लांब बसून बघायचं आणि लिहायचं.

वनखात्याचा कारकून बेन्नासर पुदिन्याच्या चहाचे घोट घेत म्हणाला, "आधी विद्यापीठाच्या समितीचा कागद आणा, बाई."

समिती म्हणाली, आधी वनखात्याचा आणा. या दोन दारांत चौदा महिने गेले. मग समितीनं एक फॉर्म दिला. प्राण्याला भूल कशी देणार? काम झाल्यावर त्याची विल्हेवाट कशी लावणार? तुदानं लिहिलं, 'लागू नाही.' रकाना नीट भरा, असा शेरा मारून अर्ज परत आला.

तोवर ती रानात जाऊन बसायचीच. सोबतीला मोहाकाका. तिच्या वडिलांचा जुना मित्र, मेंढपाळ. एकेक माकड तोंडावरून ओळखायचा. खालच्या रस्त्यावर शहरातली मंडळी गाड्या थांबवून माकडांना शेंगदाणे, चिप्स चारायची. वनरक्षकानं हटकलं ते मात्र तुदाला.

"वही कशाला?"

"नोंदी करतेय."

"बघायला मनाई नाही, बाई. लिहायला आहे. परवानगी दाखवा."

"आणि ते खाली चिप्स चारतायत, त्यांना?"

"ते पाहुणे आहेत."

मोहाकाका पचकन थुंकला. "बघ पोरी, पाहुणी म्हणून यायला पाहिजे होतंस. इथं जन्मलीस, तिथंच चुकलीस."

तेव्हापासून तिनं रानात वही काढली नाही. घरी येऊन आठवून आठवून लिहायची. दोन वर्षांत एकतीस माकडांची एकोणीस झाली. चार पिल्लं चोरांनी पोत्यात घालून नेली, तीन गाड्यांखाली गेली, पाच थंडीनं मेली. तारीखवार सगळं तिच्या वह्यांत होतं.

दुसऱ्या अर्जाला समितीनं तिला मुलाखतीला बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "परवानगीआधी निरीक्षणं सुरू केलीत का?"

"हो," म्हणत तिनं अभिमानानं वह्या टेबलावर मांडल्या. कुणी त्यांना हात लावला नाही. आठवड्याभरात नकार आला: बेकायदा माहिती.

"खोटं बोलता येत नाही तर गेलीस कशाला तिथं?" मोहाकाका चिडला. "मी तर मेंढ्या मोजतानासुद्धा खोटं बोलतो."

तिसऱ्या अर्जात त्याच प्रश्नापुढे तिनं 'नाही' लिहिलं. सहा आठवड्यांत परवानगी आली. अध्यक्षांचा फोनही आला. "त्या वह्या घरीच ठेवा. आम्हालाही त्या पाहिल्याचं आठवत नाही."

वर्षभर तिनं उघडपणे, वही मांडीवर घेऊन काम केलं. सुरुवातीला एकोणीस. दोन मेली, दोन जन्मून तगली, शेवटी एकोणीसच. अहवालात तिनं आधीच्या दोन वर्षांत गेलेल्या बारांविषयी एक परिच्छेद घातला. समितीनं तो खोडला आणि खाली वाक्य घातलं: कळपाची संख्या स्थिर आहे. तुदानं सही केली. सही नसती तर वर्षाचं कामही गेलं असतं, असं तिनं स्वतःला समजावलं.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत रानाच्या कडेला गाड्यांसाठी मोठा वाहनतळ करायचं ठरलं. नोटीस झाडाला ठोकली होती. मोहाकाकाला वाचता येत नव्हतं. "काय लिहिलंय?"

"गर्दीचा माकडांना त्रास होत नाही, असं संशोधनातून दिसलंय."

"कुणाच्या?"

"माझ्या."

त्यानं नोटिशीवर बोट ठेवलं. "आणि ती बारा?"

"ती नव्हतीच, काका. कागदावर नव्हतीच."

दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्यानं मेंढ्या पलीकडच्या उतारावर न्यायला सुरुवात केली.

परवानगीची अजून दोन वर्षं बाकी होती. हिवाळा आला, पिल्लं मरायचे दिवस आले. तुदा आता फक्त शाळेत जात होती. पाचवा तास संपला की खिडकीतून वाहनतळासाठी पाडलेले देवदार दिसत. ती फळा पुसून घरी जाई.