देवाच्या साक्षीचं नातं

प्रसूतिगृहातल्या मावशींना सगळे पाठीमागे ‘रेडिओ’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही. बावीस वर्षं त्यांनी कळा देणाऱ्या बायकांचे हात धरले होते, पण तोंडात तीळ भिजत नसे.

एकदा कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई बाळंतपणाला आल्या. कळांच्या भरात त्यांनी मावशींचं मनगट आवळलं. “मावशी, हे माझं पहिलं नाही हो. लग्नाआधी एकदा दिवस गेले होते. घरी कोणाला माहीत नाही.”

“माझ्या पोटात राहील,” मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरींच्या घड्या घालता घालता त्यांनी ते धोबिणीला सांगून टाकलं. बाईंची नणंद टॉवेल मागायला दारात येऊन उभी होती, हे दोघींनाही दिसलं नाही. दिसलं तेव्हा ती टॉवेल न घेताच वळली होती.

संध्याकाळी नवरा आला, पाळण्याकडे न बघता खिडकीपाशी उभा राहिला आणि पाच मिनिटांत निघून गेला.

मावशी चहा घेऊन गेल्या. “चुकलं माझं,” एवढंच त्यांना बोलता आलं.

बाईंनी आवाज चढवला नाही. “गॉसिप म्हणतात ना मावशी, तो शब्द आधी चांगला होता. तिकडे चर्चमध्ये बाळाचं नाव ठेवताना त्याच्यासाठी देवासमोर उभं राहणाऱ्या माणसाला तसं म्हणत. देवाच्या साक्षीनं झालेला नातलग. पुढे बाळंतिणीजवळ बसणाऱ्या मैत्रिणींना म्हणायला लागले. नुसत्या चकाट्या पिटण्याला फार नंतर. मी तुमचा हात धरला तो जुन्या अर्थानं.”

मावशींचे कान तापले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंच्या सासूला जिन्यात गाठलं. “मीच थाप मारली होती. मला सवयच आहे, कोणालाही विचारा.”

“कशाला खोटं बोलता?” सासू म्हणाली. “तिनं स्वतःच कबूल केलंय.”

दोन वर्षांनी बाई पुन्हा आल्या. नवरा सोबत होता, थोरली त्याच्या कडेवर. नाव लिहून देताना बाईंनी सिस्टरना हळूच विचारलं, “दुसऱ्या कोणी मावशी मिळतील का?”

चार पावलांवर मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच जिना चढून गेल्या. वरची फरशी सकाळीच पुसून झाली होती, तरी त्यांनी ती पुन्हा पुसायला घेतली.